बाबांनी वाचलेला मजकूर

लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर होता आणि त्याच्या चार्जरवर बाबांनी, भिंतीतल्या प्लगसकट, चिकटपट्टी मारली होती. आडवी, उभी, पुन्हा आडवी. बटणाशेजारी कागद लावला होता : हात लावू नये. घरात आम्ही तिघंच होतो, बाबा, मावशी आणि मी, त्यामुळे तो कागद कोणासाठी होता हे उघड होतं. खोलीतून बाहेर पडताना दिसेल ते बटण बंद करायची मावशीला सवय आहे.

"मी काय वेडी आहे का?" मावशी म्हणाली. "काल फक्त पंख्याचं केलं."

"पंख्याचं बटण त्याच्या शेजारीच आहे," बाबा म्हणाले.

"भावोजी, मला डोळे आहेत."

लॅपटॉपची बॅटरी केव्हाच कामातून गेली होती. वायर लावलेली असेल तोवर तो चालायचा. वायर जरा सैल झाली की दिवा विझावा तसा बंद. नवी बॅटरी आणू या असं मी दर भेटीत म्हणायचे आणि आई हातानंच 'राहू दे' अशी खूण करायची. हातानंच, कारण घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला होता. बसला नव्हता, गेला होता.

तेव्हापासून ती लॅपटॉपवर बोलायची. ब्राउझरमध्ये एक पान तिनं कायमचं उघडून ठेवलं होतं. त्यात एक रिकामी चौकट, बाकी काही नाही. त्यात टाइप करायचं आणि लॅपटॉप बाबांकडे वळवायचा. सकाळी उठली की ती आदल्या दिवसाचं सगळं पुसून टाकायची आणि नव्यानं सुरुवात करायची. मी तिला एकदा म्हटलं, अगं, नीट फाइल उघड, सेव्ह करत जा. तिनं टाइप केलं, सेव्ह म्हटलं की ते नाव विचारतं, बोलण्याला कोण नाव देत बसतं. मला ते तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

वाचायचं काम बाबांचं. मी घरी फोन केला की आई टाइप करायची आणि बाबा फोनवर वाचून दाखवायचे. शेजारच्या बाई आल्या की तेच. आणि वाचायचे ते त्यांच्या जुन्या पद्धतीनं : "साखर नको स्वल्पविराम डॉक्टर ओरडतात पूर्णविराम." शेजारच्या बाईंना पहिल्यांदा वाटलं होतं, बाबांचंच काहीतरी बिघडलं आहे.

दोघांचा जन्म छापखान्यात गेला. आई प्रूफं तपासायची आणि बाबा तिच्यासमोर बसून मूळ कॉपी मोठ्यानं वाचायचे, विरामचिन्हांसकट. आईची नजर प्रुफावर, कान बाबांच्या आवाजावर. या कामाची एक अट असते. वाचणाऱ्यानं अर्थाकडे लक्ष द्यायचं नाही. अर्थाकडे लक्ष गेलं की माणूस गळलेला शब्द मनानंच भरतो, वाकडं वाक्य सरळ करून वाचतो, आणि चूक आरामात छापली जाते. बाबा या कामात इतके तयार झाले होते की एकदा त्यांनी एका खुनाच्या खटल्याचा अख्खा निकाल तिला वाचून दाखवला आणि घरी येताना विचारलं, "सुटला की नाही गं तो शेवटी?" ही गोष्ट आई प्रत्येकाला सांगायची. आवाज गेल्यावर ती टाइप करायची आणि बाबांना स्वतःचीच फजिती विरामचिन्हांसकट वाचून दाखवावी लागायची.

मी घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. लोक येऊन गेले. मग घर शांत झालं आणि बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाले, "तिनं तुझ्यासाठी लिहून ठेवलंय."

"कुठे?"

"तिच्या त्या चौकटीत. हॉस्पिटलात न्यायच्या आधी, दुपारी. बराच वेळ टाइप करत होती. मग मला बोलावलं आणि वाचायला लावलं. डोळे मिटून ऐकलं. एके ठिकाणी मला थांबवून काहीतरी बदललं, परत वाचायला सांगितलं. मग मान हलवली आणि तुझ्या फोटोकडे बोट केलं. मी म्हटलं, संध्याकाळी फोनवर वाचतो तिला. तर नको म्हणाली. तिची तीच वाचेल, म्हणाली. मग मी औषधं आणायला गेलो."

"आणि?"

"आणि काय. आलो तर..."

"नाही बाबा. काय लिहिलं होतं?"

"स्वच्छ होतं," बाबा म्हणाले. "एक चूक होती, ती तिनंच काढली."

"पण म्हणणं काय होतं तिचं?"

बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. जिन्यावर आणखी एक पायरी आहे असं समजून माणूस पाऊल टाकतो आणि पायरी नसते, तेव्हा येतं तसं काहीतरी.

"तीन परिच्छेद होते," ते हळू म्हणाले. "दुसऱ्यात एक प्रश्नचिन्ह. आणि अवतरणचिन्हात काहीतरी होतं. कुणाचं तरी बोलणं."

"कुणाचं?"

"मी वाचलं गं," बाबा म्हणाले. "मी ते नुसतं वाचलं."

त्या सगळ्या महिन्यांत आईचं एकही वाक्य बाबांच्या आवाजाशिवाय माझ्यापर्यंत आलं नव्हतं. मोबाईलवरची अक्षरं तिला जमायची नाहीत, बोटं भलतीकडे पडायची, आणि चुकीचं पाठवण्यापेक्षा काहीच न पाठवणं तिला बरं वाटायचं. तिला माझ्याशी जे एकटीनं बोलायचं होतं ते त्या चौकटीत होतं.

मी लॅपटॉपची कळ दाबली. कुठल्याशा डोंगरातल्या तळ्याचा फोटो उजळला आणि त्यावर अक्षरं आली : उघडण्यासाठी बोट ठेवा.

आईनं ते तसंच करून घेतलं होतं. पासवर्ड आठवत बसायला नको, बोट कुठे विसरतंय, असं तिनं टाइप केलं होतं, आणि बाबांनी ते मला फोनवर पूर्णविरामासकट वाचून दाखवलं होतं.

मी माझं बोट ठेवलं. ओळख पटली नाही. दुसरं बोट वापरून पहा. मी दुसरं ठेवलं. बाबांनी त्यांचं ठेवलं.

"माझं बघा," मावशी म्हणाली. "सख्खी बहीण आहे मी तिची. लहानपणी आम्हांला एकीला झाका नि दुसरीला काढा म्हणायचे."

"तसं नसतं गं मावशी."

"बघायला काय जातंय?"

तिनं पदराला हात पुसला आणि बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं, दाबून. मग काढून त्या बोटाकडेच पाहत राहिली.

बोटाखेरीज आकड्यांचा एक पिनही होता. मी आईची जन्मतारीख घातली. माझी घातली. बाबा म्हणाले, छापखाना सोडल्याचं साल घाल. मावशी म्हणाली, त्या दोघींच्या माहेरच्या घराचा नंबर घाल. प्रत्येक वेळी चौकट थरथरायची आणि रिकामी व्हायची. शेवटी तळ्यावर नवीन मजकूर आला : बरेच चुकीचे प्रयत्न झाले आहेत. पुन्हा प्रयत्न करण्यासाठी लॅपटॉप रीस्टार्ट करा. खाली निळं बटण होतं.

"दाब की," मावशी म्हणाली.

बाबांनी माझं मनगट धरलं. "थांब. आधी कुणाला तरी विचार."

कोपऱ्यावर लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदाराला मी घरीच बोलावलं, कारण लॅपटॉप भिंतीपासून हलवता येत नव्हता. त्यानं आल्या आल्या चिकटपट्टी पाहिली.

"हे कुणी केलं?"

"मी," बाबा म्हणाले, दटावणी ऐकायच्या तयारीनं.

"बरं केलंत. राहू द्या." त्यानं खुर्ची ओढली आणि निळ्या बटणाला हात न लावता वाकून पाहिलं. "यातलं सगळं मी काढून देईन. फोटो, गाणी, बिलं, जे काय ठेवलं असेल ते. पण त्या पानात नुसतं टाइप करून ठेवलेलं, सेव्ह न केलेलं, ते ठेवलेलं नसतं. ते या घटकेला आहे. बंद केलंत की नाही."

"रीस्टार्ट केलं तर?"

"तेच. मुळीच करू नका. आणि नेट बंद करून ठेवा. अपडेट आलं तर तो तुम्हांला न विचारता स्वतःच रीस्टार्ट होतो. तुम्ही जेवायला बसलेले असाल."

बाबा उठले आणि नेटच्या डब्याची वायर भिंतीतून काढून, गुंडाळून, स्वतःच्या खिशात ठेवून परत आले.

"मग उघडायचं कसं?" मी विचारलं.

"कंपनीला फोन करा. पिन विसरला म्हणून सांगा. ते रीस्टार्ट न करता नवीन पिन देतात. मिळाला तर मिळाला." जाताना त्यानं दाराशी चप्पल घालत विचारलं, "काय आहे त्यात एवढं?" "आईचं बोलणं आहे," मावशी म्हणाली, आणि त्यानं पैशांसाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

मग सुरू झालं ते मी थोडक्यात सांगते. एक दाबा, तीन दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, मधूनच तुटणारं तेच ते संगीत. फोन स्पीकरवर ठेवून आम्ही तिघं टेबलाभोवती बसलो होतो. लॅपटॉपचा पंखा मधूनच जोरात फिरायला लागायचा आणि आम्ही तिघंही श्वास धरायचो. मावशी उठून कपडे घडी करायला गेली, पाण्याला म्हणून परत आली, आणि लॅपटॉपशेजारी पेला ठेवायला गेली तेव्हा बाबा तिच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. मावशीनं पेला उचलला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

शेवटी एक तरुण आवाज आला. "नमस्कार. आपला आजचा दिवस कसा चालला आहे?"

"माझी आई गेली," मी म्हणाले.

"छान. मी आपली काय मदत करू शकतो?"

मला राग आला नाही. समोर बसलेल्या बाबांकडे मी पाहिलं. त्यांनाही आला नव्हता. तो समोरचा कागद वाचत होता.

मी अडचण सांगितली. त्यानं ती मला पुन्हा सांगितली, शब्दाला शब्द. मग म्हणाला, "सुरक्षेच्या कारणासाठी मला खातेदारांशी बोलावं लागेल. त्या आहेत का?"

"त्यांना बोलता येत नाही," मी म्हणाले.

यात खोटं काही नव्हतं. तो घुटमळला. त्याच्या कागदावर हे नसावं. "मग त्यांच्या मोबाईलवर एक कोड येईल," तो म्हणाला, "तो लॅपटॉपवर टाका आणि नवीन पिन घ्या. लॅपटॉपचं नेट मात्र चालू ठेवावं लागेल. मी आपली आणखी काही मदत करू शकतो का?"

आईचा मोबाईल तिच्या कपाटात, चष्म्यांच्या खाली सापडला. तो आधी चार्ज करावा लागला. बाबांनी खिशातून नेटची वायर काढली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तो म्हणाला होता बंद ठेवा," ते म्हणाले.

"पण नेटशिवाय कोड चालणार नाही."

"आणि अपडेट आलं तर?"

"बाबा, मग दुसरं काय करायचं? हे असंच भिंतीला चिकटवून ठेवायचं? किती दिवस?"

"राहील की," बाबा म्हणाले. "टेबल काय लागतंय आपल्याला? आपण तिकडे जेवू."

ते खरंच तसं म्हणत होते. आणि खरं सांगायचं तर मलाही क्षणभर ते पटलं. ती चौकट आत आहे, तिच्यात ते तीन परिच्छेद आहेत, आणि बाहेर आम्ही दबकत फिरतो आहोत, वर्षानुवर्षं, एखादा आजारी माणूस झोपलेला असावा तसं. पण वीज एकदा तरी जाणारच होती.

मावशी दारातून म्हणाली, "भावोजी, द्या तिला ती वायर. लिहिलंय ते तिच्यासाठी."

बाबांनी वायर दिली.

नेट सुरू झालं. मोबाईल खणखणला. मी कोड टाकला, माझ्या बोटांनी दोनदा चुकवला, तिसऱ्यांदा नीट टाकला. नवीन पिन मागितला, दिला. तळं नाहीसं झालं.

आणि पान होतं. चौकट होती. आईचं लिहिणं होतं. वर दिवसभराच्या बोलण्याच्या तुटक ओळी, मधे मोकळी जागा, आणि खाली तो भरगच्च मजकूर, तीन परिच्छेदांचा, बाबा म्हणाले होते तसाच. शेवटचा सर्वांत लहान.

माणसाची नजर पानाच्या डोक्यापासून सुरू होते. दुसरी सवयच नसते. मी पहिली ओळ वाचली : "चहा गार झाला."

मग चौकटीवर फिकट करडी छटा आली. मधोमध एक लहान चाक फिरलं. आणि पान नव्यानं उघडलं, पांढरं, स्वच्छ. चौकटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत होतं : इथे लिहायला सुरुवात करा.

"काय झालं?" बाबा म्हणाले. "कुठे गेलं?"

मी जे जे माहीत होतं ते सगळं दाबलं. केलेलं उलटवायच्या कळा दाबल्या, पुन्हा पुन्हा, आईच्या कळफलकावरची पुसट झालेली अक्षरं. उलटवण्यासारखं काही घडलंच नव्हतं, निदान त्या पानाच्या लेखी.

"अगं, मागे जायचा बाण असतो ना तो," मावशी म्हणाली. "मागे जा. मागे जा ना."

मी मागे गेले. मागच्या पानावर माझ्या शहराचं हवामान होतं. त्याच्या मागे पुन्हा माझ्या शहराचं हवामान. त्याच्या मागे काहीच नव्हतं.

दुकानदार परत आला. त्यानं खूप वेळ काय काय शोधलं, कुठल्या कुठल्या कप्प्यांत पाहिलं. न वापरलेली पानं ब्राउझर झोपवून ठेवतो, म्हणाला, जागा वाचवायला. पडद्यावर दिसतो तो नुसता त्यांचा शेवटचा फोटो. कुणी समोर आलं आणि नेट मिळालं की पान परत पहिल्यापासून मागवून घेतो. "त्याला वाटतं, तो तुमचं कामच करतोय," तो म्हणाला. ज्यांनी ते पान बनवलं होतं त्यांचा पत्ता शोधून मी त्यांनाही लिहिलं. उत्तर लगेच आलं, इतक्या लगेच की ते कुणी लिहिलेलं नसणार : तुम्ही टाइप केलेला मजकूर आम्ही कुठेही साठवत नाही. तुमचा खासगीपणा आमच्यासाठी मोलाचा आहे.

त्यानंतर बाबांनी खाणं जवळजवळ सोडलं. ते लॅपटॉपसमोर बसून राहायचे, ओठ हलायचे. मावशी त्यांच्यापुढे ताट ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची. "काय पुटपुटता एवढं?" तिनं एकदा विचारलं. "दुसऱ्या परिच्छेदापर्यंत येतो गं," ते म्हणाले. "प्रश्नचिन्हापर्यंत येतो. तिथून निसटतं." मी त्यांना समजावलं, की राहू द्या. राहू द्या असं म्हणताना माझा आवाज कसा निघत होता हे मलाच ऐकू येत होतं, त्यांनाही येत असणार. त्यांना काही दोष द्यावा असं मला वाटत नव्हतं. पण त्यांच्याजवळून जाताना मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवत नव्हते, एवढं खरं.

मी परत जायच्या आदल्या दुपारी त्यांनी मला हाक मारली. ते टेबलाच्या त्यांच्या बाजूला बसले होते, दाढी केलेली, शर्ट बदललेला. आईची खुर्ची त्यांनी माझ्यासाठी ओढून ठेवली होती.

"बस," ते म्हणाले. "कागद घे. आठवलंय मला."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"घे गं. मी वाचतो."

मी पेन घेतलं. बाबांनी डोळे मिटले, दोन्ही तळवे टेबलावर सपाट ठेवले आणि सुरुवात केली, त्याच सुरात, चढउतार नसलेल्या.

"परिच्छेद. तू येशील तेव्हा आधी जेवून घे स्वल्पविराम मग माझं कपाट आवर पूर्णविराम. हिरवी साडी मावशीला दे स्वल्पविराम ती मागणार नाही पूर्णविराम."

मी लिहीत होते. हे आईचं असू शकत होतं.

"परिच्छेद. तिकडे थंडी वाढली आहे स्वल्पविराम मी रोज बघते पूर्णविराम. स्वेटर घालतेस का प्रश्नचिन्ह." ते थांबले. "बाळा स्वल्पविराम..."

माझं पेन थांबलं. आई मला आयुष्यात कधी बाळा म्हणाली नव्हती. तो बाबांचा शब्द होता, मी शाळेत जायला लागले तेव्हा त्यांनी सोडून दिलेला.

त्यांच्या लक्षात आलं नाही. डोळे मिटलेलेच होते.

"बाळा स्वल्पविराम यांच्यावर रागावू नकोस पूर्णविराम," बाबांनी वाचलं. "यांनी हे वाचलं आहे स्वल्पविराम पण यांच्या लक्षात राहणार नाही स्वल्पविराम आणि हे मला लिहितानाच माहीत होतं पूर्णविराम."

दुसऱ्याच्या मजकुरात उभ्या जन्मात एक काना स्वतःचा न घातलेला माणूस माझ्यासमोर बसला होता. त्याच्या मिटलेल्या पापण्या ओल्या झाल्या होत्या आणि तळवे टेबलावर इतके घट्ट दाबलेले होते की नखं पांढरी पडली होती.

मी ते वाक्य लिहिलं. बाळासकट, स्वल्पविरामांसकट.

बाबांनी डोळे उघडले आणि कागदाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"कुठे चूक आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "पुढे वाचा."